फोर्ट हार्लनवरच्या मिसेस पगारे

ज्ञानदेवकाकांचं लग्न झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. बायको वारली, सोडून गेली, भारतातच राहिली, असलं काही नाही. लग्नच केलं नव्हतं. धाकट्या तीन बहिणी, एक भाऊ, त्यांची शिक्षणं, मग अमेरिका, मग नोकरी, आणि मग एक दिवस लोक विचारायचे थांबले. "राहून गेलं," असं ते म्हणत. लायब्ररीचं पुस्तक परत करायचं राहून जावं, तितक्याच सहज.

पगारे मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेत गँगमन. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय, पुण्याला इंजिनियरिंग आणि १९६८ साली एमएस करायला मॅसॅच्युसेट्स. पुढं सव्वीस वर्षं त्यांनी हायवे खात्याच्या मातीच्या लॅबमध्ये काढली. रस्त्याखाली, पुलाखाली कुठली माती आहे, ती किती भार घेईल, पाणी पडल्यावर काय करेल, हे बघणं त्यांचं काम. वूस्टरमध्ये एका तीनमजली लाकडी घराच्या मधल्या मजल्यावर एकटे राहायचे.

मी जागृती. मी आणि माझा नवरा भूषण १९९२ मध्ये शेजारच्या श्रूजबरीत आलो, आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, काकांची ओळख झाली. बुद्धवंदना तेच सांगायचे. आवाज इतका हळू, की मागच्या रांगेतल्यांना त्यांच्या ओठांकडे बघून म्हणावी लागे. कुणी पत्रिका, नजर, भूतबाधा असला विषय काढला की काका चष्मा काढून पुसायचे आणि विचारायचे, "पुरावा?" बस, तेवढंच. वाद घालायचे नाहीत.

१९९६ मध्ये ते लवकर रिटायर झाले. पुढच्या मार्चमध्ये आमच्याकडे जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी कँप होस्ट होतोय."

"म्हणजे काय करायचं असतं?" मी विचारलं.

मेन राज्याच्या किनाऱ्यावर फोर्ट हार्लन नावाचं स्टेट पार्क होतं. जुना ग्रॅनाइटचा किल्ला, तोफांचे ओटे, आणि मागं उंच कड्यावर तंबू आणि ट्रेलर लावायला चाळीस साईट्स. मेपासून ऑक्टोबरपर्यंत आपला ट्रेलर घेऊन तिथं राहायचं. आलेल्यांना साईट दाखवायची, जळाऊ लाकडाच्या मोळ्या द्यायच्या, शेकोटीची राख काढायची, बाथरूम बघायची, शनिवारी किल्ल्याची माहिती सांगायची. पगार नाही, राहायची जागा मिळते. काकांनी जाहिरात बघून अर्ज केला होता आणि जुना सोळा फुटी ट्रेलरही विकत घेऊन टाकला होता.

"काका, सीरियसली?" भूषण म्हणाला. "कधी तंबूत तरी झोपलाय का तुम्ही?"

"लहानपणी उघड्यावरच झोपायचो," काका म्हणाले. "तंबू ही प्रगतीच आहे."

मेच्या मध्यावर ते गेले. दर रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी, तिथल्या बाथरूमजवळच्या पेफोनवरून आम्हाला फोन करायचे. पहिले तीन-चार फोन नुसते आनंदाचे होते. तिथं सगळे त्यांना डॅन म्हणत. लेस्टर नावाचा रेंजर होता, साठीचा, त्याच गावात जन्मलेला. किल्ल्याच्या आतल्या लांब बोगद्यात काही बोललं तर आवाज लगेच परत येत नाही, कुणीतरी विचार करून उत्तर द्यावं तसा थांबून येतो, असं त्यांनी सांगितलं. आणि धुक्याबद्दल फार बोलायचे. सकाळी समुद्रावरून उठतं, कडा चढून वर येतं आणि दुपारपर्यंत बसून राहतं. पाण्यात कुठंतरी एक घंटा तरंगती ठेवलेली होती, लाटेनं वाजणारी. धुक्यात ती कुठल्या बाजूला आहे ते कळायचं नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी म्हणाले, "आज एक गंमत झाली. ओहायोचं एक जोडपं निघालं होतं. मला म्हणाले, तुमच्या मिसेसना आमचे थँक्स सांगा. त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही तंबू वर हलवला. मी म्हटलं, मला मिसेस नाहीत. तर दोघं खूप हसले. त्यांना वाटलं मी जोक करतोय."

आम्हीही हसलो. भूषण आतून ओरडला, "काका, पार्टी पाहिजे!"

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी व्हरमाँटच्या तीन शिक्षिका. मग एक आजोबा, नातवंडांना घेऊन आलेले. मग एक नवविवाहित जोडपं. यांतले कुणीच एकमेकांना ओळखत नव्हते, आणि एकाच दिवशी कुणी आलेलंही नव्हतं. सगळ्यांना सकाळच्या धुक्यात एक बाई भेटली होती. सगळ्यांचे तंबू कड्याच्या टोकाला, नऊ ते बारा नंबरच्या साईट्सवर होते. समोर नुसता समुद्र, म्हणून त्या चार साईट्सना सगळ्यात जास्त मागणी. आणि सगळ्यांना बाईनं एकच गोष्ट सांगितली होती, "वर सरकून घ्या. इथली जमीन बरी नाही."

"पण तुमचीच मिसेस असं का वाटतं त्यांना?" मी विचारलं.

काका म्हणाले, "ती माझ्या ट्रेलरकडून येते म्हणतात. आणि 'आम्ही' म्हणते. 'आम्हाला वाटतं, तुम्ही वर सरकावं.'"

लॅबच्या सवयीनं त्यांनी एक वही सुरू केली. तारीख, धुकं किती, साईट कुठली, बाईचे शब्द काय. लोकांना ते नीट विचारायचे. वय पंचावन्न-साठ. आखूड केस, पिकलेले. तपकिरी स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. हातात बागकामाचे मोजे, त्यांना ओली माती. इथपर्यंत सगळे एकच सांगायचे. पण "ती माझ्यासारखी होती का, भारतीय होती का," असं काकांनी विचारलं की लोक गडबडायचे. एक शिक्षिका तर माफीच मागायला लागली. "सॉरी डॅन," ती म्हणाली, "मला आठवायला हवं होतं ना?" चेहरा कुणालाच सांगता येईना.

त्यांनी लेस्टरला सांगितलं. तो म्हणाला, गावातली कुणीतरी असेल, किनाऱ्यावर एकट्या फिरणाऱ्या बायका खूप आहेत. मग गावातल्या किराणा दुकानात दोघांनी चौकशीही केली. तसली कुणी बाई कुणाच्या माहितीत नव्हती.

जुलैमध्ये काकांचा फोनवरचा आवाज बदलला. हळू तर होताच, आता त्यात थांबणं आलं. एका रविवारी म्हणाले, "आज एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ती सकाळी माझ्या ट्रेलरबाहेर बसली होती. खुर्चीत. माझ्या शेजारी."

"मग? तुम्ही होता तिथं?"

"मी होतो ना. पेपर वाचत बसलो होतो." मग म्हणाले, "जागृती, माझ्याकडे एकच खुर्ची आहे."

त्या रात्री मी भूषणला म्हटलं, त्यांना परत घेऊन येऊ या. एकटं राहून राहून काहीतरी होतंय. भूषण म्हणाला, "त्यांना कुठं काय होतंय? बघणारे तर दुसरेच आहेत." त्याचं बरोबर होतं. काकांना ती बाई एकदाही दिसलेली नव्हती.

मग धुकं पडलं की काका सकाळी सातपासून दहा नंबरच्या साईटवर, पिकनिकच्या लाकडी टेबलावर जाऊन बसायला लागले. वही मांडीवर. ओळीनं चार सकाळी बसले. कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी वरच्या साईटवरची एक बाई म्हणाली, "तुमच्या मिसेस आमच्या इथून गेल्या. म्हणाल्या, ते खाली बसलेत, त्यांना सर्दी होईल."

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. ते चिडले होते. "दोन महिने मी विचारतोय, कोण सांगतंय. मूर्ख माणूस मी! काय सांगतंय, हे कुठं विचारलं? 'जमीन बरी नाही.' सव्वीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

त्याच शनिवारी, ऑगस्टच्या मध्यावर, आम्ही त्यांना भेटायला जाणार होतो. पाच तासांचा ड्राइव्ह. पोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि धुकं होतं. गाडीत आमच्या चार वर्षांच्या मुलीला, मैत्रीला, उलटी झाली होती. भूषण सीट पुसत राहिला आणि मी काकांचा ट्रेलर शोधायला एकटी पुढं निघाले. खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळपट स्प्रूसची झाडं. दहा पावलांवरचं झाड आधी माणूस वाटायचं, मग झाड व्हायचं. ती घंटा वाजत होती. एकदा डावीकडून, एकदा मागून.

समोरून एक बाई आली. तपकिरी स्वेटर, हातात मातीनं माखलेले मोजे. माझ्याजवळ येऊन थांबली, घरी आलेल्या पाहुण्यापाशी थांबावं तशी. "आलात?" ती म्हणाली. "ते खाली गेलेत. आज बघायला गेलेत. बसा तोवर." मी थँक्यू म्हटलं. ती किल्ल्याकडे गेली.

वाचणाऱ्याला वाटेल, मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. दोन महिने फोनवर जे ऐकलं होतं ते सगळं डोक्यात होतं, आणि तरीही मला वाटलं, ही दुसरी व्हॉलंटियर असेल, काकांना सोबत आहे, बरं झालं. मला अगदी हलकं वाटलं. मी चार पावलं पुढं जाऊन ट्रेलर शोधला.

बाहेर दोन खुर्च्या होत्या. दुसरी नवीन दिसत होती, दुकानाचं लेबल अजून पायाला होतं. जुन्या खुर्चीच्या कापडावर धुक्याचं पाणी साचलं होतं. मी नवीवर बसले. ती कोरडी होती.

तेव्हा कळलं. बसल्यावर. मी ताडकन उठले आणि भूषणला हाक मारली.

काका आले ते खालच्या बाजूनं. गुडघ्यापर्यंत निळसर करडा चिखल, हातात मोजपट्टी. मी त्यांना सांगितलं. ते जागीच उभे राहिले. मग चिखलाच्या हातानंच वही काढली.

"शब्द सांग," ते म्हणाले. "जसेच्या तसे."

मी सांगितले. ते लिहीत गेले.

"कुठल्या भाषेत?"

मी उत्तर द्यायला गेले आणि थांबले. ती मराठीत बोलली असती तर मी चमकले असते. मेनच्या धुक्यात एक अनोळखी बाई मराठीत "आलात?" म्हणाली, हे चमकण्यासारखं नाही तर काय? आणि इंग्लिशमध्ये बोलली असती तर "आलात"मधला तो आदर, तो घरगुती सूर, मी कुठून आणला? मला शब्द आठवत होते. भाषा आठवत नव्हती. आजही आठवत नाही.

"पुरावा?" हा शब्द काकांनी त्या दिवशी उच्चारला नाही. त्यांनी वहीत 'भाषा' असं लिहून पुढं रेघ मारली.

मग आम्हाला त्यांनी दहा नंबरच्या साईटमागं नेलं. जंगली गुलाबाची दाट झुडपं होती. ती त्यांनी काठीनं बाजूला केली. खाली जमिनीत एक फट होती, हातभर लांब वाटली, पण काकांनी झुडपं सारत सारत दाखवलं तर ती कड्याला समांतर अशी पार बारा नंबरपर्यंत गेलेली. भूषणनं आत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"थंड आहे आत," तो म्हणाला आणि हात काढून घेतला.

"वर तीन फूट वाळू," काका म्हणाले, "खाली समुद्राची जुनी चिकणमाती. कोरडी असेपर्यंत दगडासारखी. आतपर्यंत पाणी मुरलं की लोण्यासारखी. आणि ही झाडं बघ. बुंधे खाली वाकलेत आणि शेंडे सरळ. म्हणजे जमीन वर्षानुवर्षं सरकतेय आणि झाडं स्वतःला सावरून घेतायत. मे महिन्यापासून मी रोज यांच्यासमोरून जातोय."

फटीच्या दोन्ही बाजूंना त्यांनी लाकडी खुंट्या ठोकल्या आणि मधलं अंतर लिहून ठेवलं. लेस्टरला सांगितलं. लेस्टर चांगला माणूस होता. त्यानं रिपोर्ट वर पाठवला. उत्तर आलं, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या सुट्टीनंतर तज्ज्ञ येऊन बघतील. सुट्टीचं बुकिंग जानेवारीपासून फुल होतं. "डॅन, हा किल्ला बांधला तेव्हापासून कडा आहे तिथंच आहे," लेस्टर म्हणाला. काका दर सकाळी खुंट्यांमधलं अंतर मोजत राहिले.

लेबर डेच्या आधी गुरुवार-शुक्रवार धो धो पाऊस पडला. शनिवारी पाऊस थांबला आणि धुकं आलं. सकाळी काकांनी मोजलं तर एका रात्रीत फट दोन बोटं वाढली होती. लेस्टर दुसरीकडे ड्यूटीवर होता आणि रेडिओवर एवढंच म्हणाला, माझ्या हातात नाही. काकांच्या हातात तर काहीच नव्हतं. ते फुकटचे व्हॉलंटियर. तरी ते चारही साईट्सवर गेले. तीन कुटुंबं कुरकुरत का होईना, वरच्या मैदानात जायला तयार झाली. दहा नंबरवर कनेटिकटचा एक माणूस होता, भला मोठा ट्रेलर, बायको आणि दोन मुली.

"तुमच्या मिसेसना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो," तो म्हणाला. "आठ महिने आधी बुक केलंय. मी हलणार नाही."

काकांनी विचारलं, "ती काय म्हणाली?"

"म्हणाली, ते येतील, फार हळू आवाजात सांगतील, पण ऐका त्यांचं."

काका मला नंतर म्हणाले, हे ऐकलं आणि मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. मिलिंदच्या मोर्चातसुद्धा मी घोषणा मनातल्या मनात द्यायचो. मी ओरडलो की मी सॉइल इंजिनियर आहे, सव्वीस वर्षं याच मातीवर काम केलंय, आणि तुम्ही आत्ता, या मिनिटाला इथून निघालात नाही तर पोलिसांना बोलावून तुम्हाला उचलून नेईन. त्यातलं पोलिसांचं अर्थात खोटं होतं. माणूस बघत राहिला. मग त्यानं गुपचूप मुलींना खुर्च्या उचलायला लावल्या. दुपारपर्यंत चारही साईट्स रिकाम्या झाल्या. काकांनी तिथं दोरी बांधली आणि दोरीजवळ स्वतः बसून राहिले.

रविवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी कडा गेला.

काका वीस पावलांवर होते. आवाज आधी नव्हताच, असं ते सांगायचे. धुकं तेव्हा विरळ होत होतं. दहा नंबरवरची स्प्रूसची झाडं हलली. पडली नाहीत. उभीच्या उभी समुद्राकडे चालत गेली, रांगेनं, आणि त्यांच्यामध्ये पिकनिकचं टेबल, तेही सरळ, कपातलं पाणी सांडणार नाही इतकं सावकाश. मग ती खाली उतरली, दिसेनाशी झाली, आणि त्यानंतर आवाज आला. तो पोटात ऐकू आला म्हणाले. मग पुन्हा शांतता, आणि ती घंटा वेड्यासारखी वाजत होती.

वरून सगळे पळत आले. माणसं मोजली. सगळी होती. आणि तेवढ्यात कनेटिकटवाल्याची बायको किंचाळली, "मिसेस पगारे कुठेत? त्या खाली होत्या! आत्ता दोरीच्या पलीकडे उभ्या होत्या!"

तिनं पाहिलं होतं. तिच्या मोठ्या मुलीनं पाहिलं होतं. वरच्या मैदानातल्या आणखी पाच जणांनी पाहिलं होतं. तपकिरी स्वेटरमधली बाई, टेबलाजवळ, कडा जायच्या आधी मिनिटभर.

अर्ध्या तासात बचाव पथकाच्या बोटी आल्या, गावातले लोक आले, कुत्री आली. निळ्या चिखलात काठ्या खुपसून शोध सुरू झाला. एका अधिकाऱ्यानं काकांसमोर गुडघ्यावर बसून, हळुवारपणे विचारलं, "सर, तुमच्या पत्नीचं नाव?"

"मी अविवाहित आहे," काका म्हणाले.

अधिकाऱ्यानं त्यांच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं. धक्क्यात माणसं असं बोलतात, असं त्याला वाटलं असणार. लेस्टरनं त्याला बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. पण सात माणसं शपथेवर सांगत होती, मग शोध थांबवणार कसा? फॉर्मवर 'अनोळखी स्त्री' असं लिहिलं गेलं. दोन दिवस शोध चालला.

त्या दोन दिवसांबद्दल काका एकदाच बोलले. म्हणाले, लोक येत होते. कॉफी आणून देत होते. एका म्हातारीनं घरून मॅकरोनी करून आणली आणि माझा हात धरून बसली. मला म्हणायचं होतं, अहो, माझं कुणी गेलेलं नाही. सुरुवातीला म्हणालोही. मग नाही म्हणायचं सुचेना. बोटी फिरत होत्या आणि मी प्रत्येक बोट परत येताना उठून उभा राहत होतो. कशासाठी उभा राहत होतो ते सांगता येणार नाही. पण बसवत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी शोध बंद झाला. कुणी सापडलं नाही. आजूबाजूच्या कुठल्याच गावातून कुणी बाई हरवल्याची तक्रारही आली नाही. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली, जीवितहानी नाही.

पुढच्या आठवड्यात वरून एक साहेब आले. त्यांनी काकांचे आभार मानले, अधिकार नसताना लोकांना हलवल्याबद्दल एक शब्द सुनावला आणि लेखी जबाब मागितला. काकांनी साडेचार पानं लिहिली. तिसऱ्या पानावर वहीतल्या सगळ्या नोंदी उतरवल्या, माझ्या भेटीची नोंद धरून. साहेब म्हणाले, हा भाग काढू या, तुम्ही फट बघितली एवढं पुरे.

"पण मी आपण होऊन बघितली नाही," काका म्हणाले. "मला सांगितलं गेलं म्हणून बघितली. मला समजलं नाही म्हणून लिहायचं नाही, हे कुठलं सायन्स?"

साहेबांनी जबाब घेतला. पुढं त्यातलं काय ठेवलं, काय गाळलं, आम्हाला माहीत नाही.

१९९८ च्या मेमध्ये काका पुन्हा गेले. आम्ही अडवलं नाही. कड्याच्या बाजूला आता कुंपण होतं, साईट्स मागं घेतल्या होत्या. धुकं पडायचं. निघणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "सकाळी कुणी येऊन गेलं का? काही सांगितलं का?" लोक म्हणायचे, नाही. सबंध उन्हाळा कुणीही त्यांना मिसेसबद्दल एक अक्षर बोललं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ट्रेलर लेस्टरच्या पुतणीला दिला आणि परत आले. त्यानंतर वूस्टरची जागा सोडून श्रूजबरीत, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहायला आले. मैत्री त्यांच्याकडे गणितं करायला जायची आणि ते मराठीत विचारायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची.

तब्येत चांगली होती, वाचन चालू होतं, वंदना पूर्वीसारखीच सांगायचे. त्या बाईचा विषय ते कुणाकडे काढत नसत. फक्त माझ्याकडे, आणि तेही भूषण घरात नसताना. एकदा, १९९९ च्या जानेवारीत, बर्फ साफ करून आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "भूतबित मी मानत नाही. आजही नाही. पण एक गोष्ट लागते मनाला. ती सगळ्यांशी बोलली. त्या कनेटिकटवाल्याशीसुद्धा बोलली. तुझ्याशी बोलली. माझ्याशी एकदाही नाही."

मी म्हटलं, "तुमच्याबद्दलच तर बोलत होती, काका."

"सांग परत," ते म्हणाले. "काय म्हणाली ते."

मी सांगितलं. आलात? ते खाली गेलेत. आज जमीन बघायला गेलेत. बसा तोवर.

काकांनी कप खाली ठेवला. "'जमीन' नाही," ते म्हणाले. "नुसतं 'बघायला'. 'जमीन' हा शब्द तू आत्ता घातलास."

त्यांचं बरोबर होतं. मी पुन्हा, तो शब्द वगळून, सांगितलं.